आषाढातलं भरीत

भुसावळहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. वय 41, रेल्वेत नोकरी. पत्नी परिचारिका, त्यामुळे दोघांच्याही पाळ्या बदलत्या. घरात 74 वर्षांचे वडील आणि सातवीतली मुलगी. मूळ गाव यावल तालुक्यातलं, शेती आता वाट्याने दिलेली. दीड वर्षापूर्वी आई गेली, तेव्हापासून स्वयंपाकाचा मोठा भाग त्यांनीच अंगावर घेतला आहे. 'आई करायची तसं घरचं, साधं, त्या त्या दिवसांतलं जेवण वडिलांच्या ताटात पडावं', एवढीच त्यांची इच्छा.

पण काही केल्या जमत नाही. वडिलांचा वाढदिवस आषाढात येतो. त्या दिवशी त्यांनी महागाची वांगी आणून भरीत केलं, मिक्सरमधून छान एकजीव केलं. वडिलांनी दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. मार्चमध्ये आणलेल्या आंब्यांचा रस तसाच उरला. मे महिन्यात केलेली मेथी कडू झाली. सेंद्रिय मालाच्या दुकानातून दुप्पट भावाचं ज्वारीचं पीठ आणलं, तरी भाकरी थापतानाच तुटते. वडील तोंडाने काही बोलत नाहीत, 'ठीक आहे' म्हणतात. आत्या मात्र म्हणाल्या, 'चव तिच्या हाताले होती, तिच्यासंगंच गेली.' भाऊबंदांत थोडी थट्टाही होते की गडी माणूस भाकरी थापतो. आता स्वयंपाकाला बाई ठेवावी, डबा लावावा, की हे असंच चालू ठेवावं, असा त्यांचा प्रश्न आहे. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: 'आईची लाकडी उखळी माळ्यावर ठेवली आहे, काढायला मन होत नाही.'

भाऊ,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेतली आणि फसलेल्या प्रत्येक पदार्थापुढे महिना लिहीत गेले. भरीत, आषाढ. रस, मार्च. मेथी, मे. लिहून झाल्यावर कागदाकडे पाहिलं आणि वाटलं, आत्याबाईंचा राग न धरता त्यांना एक गोष्ट सांगायला हवी. चव तुमच्या आईच्या हातात होती हे खरं, पण त्या हाताने बाजारात काय काय उचललं नाही, त्यातही ती होती.

आई काय काय करायची, हे आपल्या सगळ्यांना तोंडपाठ असतं. ती काय करत नव्हती ते कोणालाच आठवत नाही. आठवणार कसं? न केलेल्या भाजीची चव जिभेवर राहत नाही. आषाढात दारावर वांगी आली तर तिने हात हलवून टोपलीवालीला पुढे पाठवलं असेल. होळीच्या आधी कोणी आंबे आणले तर 'आखाजी होऊ द्या' म्हणाली असेल, आखाजी म्हणजे आपली अक्षय्य तृतीया. ती पाककृती लिहून ठेवून गेली नाही याची तुम्हाला हळहळ आहे. माझा अंदाज असा की लिहून ठेवली असती तरी तिने कांदा-लसणाचं प्रमाण लिहिलं असतं, महिना लिहिला नसता. तो तिला लिहायची गोष्टच वाटली नसती.

म्हणून आधी भरताबद्दल सविस्तर बोलते, कारण तुमच्या मनाला तेच लागलं आहे.

तुमचं गाव यावल तालुक्यातलं. बामणोद आणि भालोद तुमच्याच तालुक्यात, आणि आसोदा जळगावच्या शेजारी. भरताच्या वांग्यांसाठी सगळा खान्देश ज्या गावांची नावं घेतो तीच ही गावं. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. हे वांगं मोठं, फिकट हिरवं, अंगावर पांढरट रेषा, आत गर भरपूर आणि बी कमी. पण त्याचा खरा बहर थंडीचा. दिवाळी झाली की बाजारात दिसायला लागतं आणि माघ-फाल्गुनापर्यंत चालतं. थंडीत फळ सावकाश वाढतं, कोवळं राहतं. पावसाळी दमट हवेत फळ पोखरणारी अळी जास्त, फळ लवकर निबर होतं, बी धरतं, आणि निबर बी कडवट लागतं. तुम्ही आषाढात आणलेलं वांगं कितीही महाग असलं तरी भरताचं नव्हतं. जांभळं होतं ना? पत्रात तुम्ही रंग लिहिलेला नाही, पण मी पैजेवर सांगते की जांभळं असणार.

आणखी एक. आपल्याकडे पुष्कळ घरांत चातुर्मासात वांगं खात नाहीत. आषाढी एकादशीपासून बंद होतं ते कार्तिकीपर्यंत, आणि कित्येक घरांत तर चंपाषष्ठीला खंडेरायाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्याशिवाय वांगं चुलीवर चढत नाही. तुमच्या घरी ही रीत होती का? वाढदिवस आषाढी एकादशीच्या पुढे येत असेल, आणि वडिलांनी आयुष्यभर त्या चार महिन्यांत वांगं खाल्लं नसेल, तर त्या दिवशी ते दोन घास त्यांनी तुमचं मन राखायला घेतले, असंही असू शकेल. ताट सरकवल्याचं तुम्हाला दिसलं. मला त्या आधीचे दोन घास मोठे वाटतात.

आता वांगं निवडताना. आकाराने मोठं पण हातात हलकं लागेल ते घ्यायचं. जड लागलं की आत बी समजा. साल तुकतुकीत हवी, देठ हिरवा हवा. घरी आणून धुऊन, पुसून, तेलाचा हात लावून, दोन-चार ठिकाणी सुरीने टोचून भाजायचं. शेतात ते पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांवर, नाहीतर तुरीच्या तुराट्यांवर भाजतात. त्या जाळाचा धूर वांग्याच्या अंगात मुरतो, त्याची बरोबरी गॅसला येत नाही हे कबूल करायला हवं. पण गॅसवर जाळी ठेवून मंद आचेवर, हळूहळू फिरवत, देठाजवळचा भाग बोटाने दाबला तर आत जाईल इतपत भाजलं तर भरीत चांगलंच होतं. घाई केली की साल जळते आणि देठाजवळ कच्चं राहतं, तिथेच तुरटपणा असतो. भाजून झाल्यावर दहा मिनिटं झाकून ठेवा, मग सोला, आणि सुटलेलं पाणी निथळू द्या.

आणि मिक्सर नको. वांग्याच्या गराला रेषा असतात. त्या ठेचल्या की मोकळ्या होतात, फिरवल्या की त्यांची पेस्ट होते, आणि पेस्ट जिभेला गिळगिळीत लागते. किलोभर वांग्याला आठ-दहा हिरव्या मिरच्या आणि दहा-बारा लसूण पाकळ्या तेलात परतून जाडसर ठेचायच्या, त्यातच सोललेली वांगी ठेचायची. मग शेंगदाण्याच्या तेलाची फोडणी, त्यात मूठभर शेंगदाणे, भरपूर कांद्याची पात, कोथिंबीर, मीठ. हळद नको, टोमॅटो नको, गरम मसाला तर मुळीच नको. ज्या भरताला इतकं सगळं घालावं लागतं, त्याचं वांगं चुकलेलं असतं. चांगल्या वांग्याच्या भरतात घालायला काही उरतच नाही.

आंब्याबद्दल थोडक्यात. आपल्याकडे आखाजीला पितरांची घागर भरायची, रस-पोळीचा नैवेद्य दाखवायचा आणि मग घरात आंबा खायचा, असं चालत आलं आहे. मागच्या आखाजीला घागर तुमच्या आईच्या नावाचीही भरली असेल. त्याच्या महिनाभर आधी रस ताटात आला, तेव्हा तुमच्या वडिलांच्या मनात काय आलं असेल ते मी सांगू शकत नाही, पण तो रस का उरला याचा विचार फक्त चवीच्या अंगाने करू नका. आणि चवीचंच बोलायचं तर मार्चमधला आंबा बहुतेक अवेळी पिकवलेला असतो. साल पिवळी, कोय आंबट. तो किती साखर घालून गोड करणार?

आता पिठाकडे येते. तुम्ही दुप्पट पैसे मोजले आणि भाकरी तुटली, म्हणून तुम्हाला वाटतं हात बसला नाही. हात बसायला वेळ लागतोच. मला स्वतःला लग्नानंतर पहिलं वर्षभर भाकरी जमत नव्हती. माझ्या सासूबाई धुळ्याच्या, पांझरेकाठच्या. एक दिवस त्या माझ्या शेजारी बसल्या, परातीतलं चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं आणि म्हणाल्या, 'बाई, तू कशाला रडते, पीठच कडू झालं.' डब्यात ते पीठ दीड महिना पडून होतं. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा मुळातच नसतो. जे काही बांधून राहतं ते ताज्या दळणावर आणि गरम पाण्यावर. पीठ जुनं झालं की कडेने चिरा पडतात, उचलताना तुटतं, आणि चवीला कडवट होतं. दुकानातल्या सुंदर पुड्यातलं पीठ कधी दळलं ते तुम्हाला ठाऊक नसतं. सेंद्रिय असलं तरी शिळं ते शिळंच.

तेव्हा पीठ विकत आणूच नका, ज्वारी आणा. आपल्या काळ्या जमिनीतली दादर ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, त्या वेळी वर्षाची नाहीतर निदान सहा महिन्यांची भरून ठेवा, उन्हात वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून. दळण दहा दिवसांचं, तीन किलोच्या वर नको. गिरणी तुमच्या ड्यूटीच्या वाटेवर असेलच. आणि महिन्यातून एकदा कळण्याचं दळण करा: चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालासकट उडीद, थोडं मीठ, हवे तर थोडे मेथीदाणे. कळण्याची भाकरी थापायला साध्या भाकरीपेक्षा सोपी जाते, कारण उडदाचा चिकटपणा तिला धरून ठेवतो. शिकणाऱ्याने सुरुवात तिच्यापासूनच करावी असं माझं मत आहे. वर लोणी नाहीतर तेल, आणि बाजूला ठेचा. वडिलांना दातांनी चावत नसेल तर भाकरी गरम असतानाच दुधात किंवा वरणात कुस्करून द्या.

पैशांबद्दल स्पष्ट बोलते, कारण हा प्रश्न तुमच्यासारखाच इतर पुष्कळ वाचक विचारतात. 'दर्जेदार' म्हणजे महाग, असं हल्ली मनात बसलं आहे. ज्या दुकानात आईने आयुष्यात पाऊल टाकलं नाही, तिथे आपण आईची चव शोधायला जातो. साधा स्वयंपाक चार-पाच जिनसांवर उभा असतो: तेल, डाळ, ज्वारी, मिरची आणि शेंगदाणे. एवढ्याच्या बाबतीत चोखंदळ राहा, बाकी जे मिळेल ते. तेल घाण्यावरचं, शेंगदाण्याचं, महिन्यापुरतं. तूरडाळ नवापूरची मिळाली तर घ्या. तिलाही 2016 सालीच मानांकन मिळालं आहे, आणि ती शिजताना घरभर जो वास सुटतो तो घेतल्यावर पटेल. मिरची नंदुरबारची. थंडीत तिथल्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी आपल्या बाजारांत येते, तेव्हा वर्षाची घ्यावी, देठ काढून, ऊन देऊन, थोडी थोडी कुटून. शेंगदाणे मात्र साठवू नका. खवट शेंगदाण्याचा एक दाणा सगळं भरीत बिघडवतो. भाजण्याआधी एक चावून पाहा.

हे सगळं मिळून तुमच्या त्या दुकानाच्या बिलापेक्षा कमी पडेल.

तुम्ही पत्रात 'सगळं ताजं, सगळं घरचं' असं लिहिलं आहे. इथेही मला थोडं थांबवावंसं वाटतं. आपला खान्देश म्हणजे उन्हाळ्यात 45 अंशांपर्यंत तापणारा मुलूख. चैत्र-वैशाखात आपल्याकडे पूर्वी पालेभाजी दिसतच नव्हती. म्हणून तर डुबुकवडे आले, पातोडीचा रस्सा आला, शेवभाजी आली, फौजदारी डाळ आली. बेसन, डाळ, काळा मसाला, सुकं खोबरं, भाजलेला कांदा, लसूण. सगळं कोठीतलं. ज्या महिन्यात रानात काही नाही, त्या महिन्यात कोठी उघडायची, हाही ऋतूच्या मानाने केलेला स्वयंपाकच. तुम्ही मे महिन्यात मेथी करायला गेलात तेव्हा आईने पातोडी केली असती. आणि शेवभाजीची शेव तिने कधी घरी पाडली होती का, आठवून पाहा. बहुतेक घरांत ती दुकानातूनच येते, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. मग बिबड्या (ज्वारीचे पापड), कुरडया, पापड तुम्ही घरीच करायला हवेत असं का? ती कामं चार-पाच बाया एकत्र बसून, पहाटे चीक शिजवून, गच्चीवर खाटा टाकून करायच्या. एकट्या माणसाने, तेही रात्रपाळी करून आल्यावर, ती करायची नसतात. गावातल्या बचत गटाकडून किंवा ओळखीच्या काकूंकडून विकत घ्या. दोन पैसे त्यांनाही मिळतील आणि चव तीच राहील, कारण ज्वारी तुमच्याच भागातली असेल.

पावसाळ्यात मात्र बाहेरचं काही आणायची गरजच नसते. आंबाडी, पोकळा, घोळ, काटवल, गिलकी, दोडकी. गिलक्याची भजी तुमच्या मुलीला करायला सांगा, ती सातवीत आहे म्हणजे तुम्ही शेजारी उभे राहिलात तर तिला जमतील. पातळ चकत्या, बेसन, ओवा, तिखट, मीठ, बस. वाढदिवस आषाढातच येतो, तर पुढच्या वर्षी आंबाडीची भाजी करा. पानं उकडून पाणी काढून टाकायचं, त्यात ज्वारीच्या कण्या शिजवायच्या, वरून लसणाची सणसणीत फोडणी आणि कच्चं तेल. सोबत कळण्याची भाकरी. त्या दिवसांत त्यापेक्षा चांगलं काही नाही.

ज्या दिवशी दोघांचीही ड्यूटी वेडीवाकडी असेल त्या दिवशी खिचडी करा आणि त्याचं मनाला काही लावून घेऊ नका. तांदूळ, तूरडाळ, लसूण, लाल मिरची, वर शेंगदाण्याचं तेल, बाजूला पापड आणि ताकाची कढी. खान्देशात आठवड्यातून एक-दोन रात्री बहुतेक घरांत हेच असतं. डाळ चांगली असेल तर खिचडीइतकं समाधान देणारं जेवण मला तरी दुसरं माहीत नाही.

भाऊबंदांच्या थट्टेबद्दल. त्यांना एवढंच विचारा की हिवाळ्यात शेतावर भरताची पार्टी होते तेव्हा वांगी कोण भाजतं? पऱ्हाटी पेटवणारे, हात भाजून घेत साल काढणारे, मुसळाने ठेचणारे सगळे गडीच असतात. लग्नाच्या पंगतीचं भरीत आणि वरण-बट्टी करणारे आचारीही बहुतेक पुरुष. पन्नास माणसांचं भरीत करणाऱ्या हातांनी घरातल्या चार माणसांची भाकरी थापली तर त्यात हसण्यासारखं काय आहे, मला तरी कळत नाही. तुम्ही जे करत आहात ते करायला मोठं काळीज लागतं, हे मी अगदी मनापासून सांगते.

आता वडिलांबद्दल, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. 74 व्या वर्षी जेवण कमी होण्याची कारणं ताटात असतात तशी ताटाबाहेरही असतात. वयाबरोबर वासाची आणि चवीची जाण कमी होते. काही औषधांनी तोंडाची चव जाते. कवळी सैल असेल, हिरड्या दुखत असतील, तर माणूस सांगत नाही, फक्त ताट सरकवतो. दीड वर्षात त्यांचं वजन उतरलं असेल, कपडे सैल झाले असतील, तर आधी डॉक्टरांकडे आणि दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. भरताची दुरुस्ती नंतर. तुमच्या घरात परिचारिका आहे. औषधांची यादी त्यांना एकदा नीट बघू द्या. आणि हे झाल्यावरही एक दुःख उरेल, ज्यावर भाजीचा इलाज नाही. पन्नास वर्षं समोर बसून वाढणारं माणूस गेलं आहे. त्यांना एकटं जेवायला लागू नये एवढं बघा. तुमच्या तिघांपैकी कोणी एक तरी त्यांच्या ताटाशेजारी ताट घेऊन बसेल अशी सोय पाळ्यांच्या वेळापत्रकात करा.

तुम्ही वडिलांना परीक्षक करून ठेवलं आहे, भाऊ. रोज ताट वाढून त्यांच्या तोंडाकडे बघता आणि निकालाची वाट पाहता. ते बिचारे 'ठीक आहे' शिवाय काय बोलणार? आयुष्यभर शेती केलेला माणूस आहे. फोडणीचं त्यांना कदाचित ठाऊक नसेल, पण वांगं कधी झाडावरून काढावं, ज्वारीचा दाणा भरला की पोचट राहिला, तूर यंदा कशी आली, हे त्यांच्याइतकं तुमच्या घरात कोणालाच कळत नाही. त्यांना बाजारात घेऊन जा. आठवडे बाजाराला, सकाळच्या उन्हात, पिशवी तुमच्या हातात आणि निवड त्यांच्या हातात. ते जे उचलतील ते घ्या, ते ज्याला हात लावणार नाहीत ते सोडून द्या. आई जे सोडून द्यायची, ते तुम्हाला असंच परत सापडेल. घरी आल्यावर मेथी निवडणं, शेंगा फोडणं, लसूण सोलणं त्यांच्यापुढे ठेवा. काम म्हणून सांगू नका, शेजारी बसून तुम्हीही सोला.

आणि 'कसं झालंय?' हा प्रश्न काही दिवस बंद. त्याऐवजी विचारा, 'बाबा, या दिवसांत आई काय करायची?' मुलीला एक साधी वही द्या, बारा महिन्यांची बारा पानं. आजोबा जे सांगतील ते ती त्या महिन्याच्या पानावर लिहील. एका बाजूला काय व्हायचं, दुसऱ्या बाजूला काय व्हायचं नाही. दुसरी बाजू जास्त काळजीने भरा. आत्याबाईंनाही फोन करा. हाताची चव गेली म्हणणाऱ्या बाईला बारा महिन्यांचं सगळं पाठ असतं, तुम्ही विचारायचा अवकाश.

स्वयंपाकाला बाई ठेवायची का? ठेवा, माझी काही हरकत नाही. पण रोजच्या सगळ्या स्वयंपाकाला नको. आठवड्यातून चार दिवस, फक्त भाकऱ्या आणि एक भाजी. तिला नीट पैसे द्या, सुट्टी द्या, आणि भाजी कोणती हे तुमच्या घराने ठरवा, कारण तुम्ही जे आणून ठेवाल तेच ती करणार. चांगली बाई मिळाली तर भाकरीचा हात तिच्याकडून शिकून घ्या. मला वाटतं तुम्ही दोन महिन्यांत शिकाल. डबा फक्त लागोपाठ रात्रपाळ्या येतील त्या दिवसांपुरता. कायमचा डबा लावलात तर वडिलांसोबतची बाजारातली सकाळ आपोआप बंद पडेल, म्हणून मला तो नको वाटतो. हिवाळ्यात जळगाव-भुसावळकडे भाजलेली वांगी आणि तयार भरीत विकत मिळतं. ज्या दिवशी वेळ नाही त्या दिवशी भाजलेली वांगी आणून घरी ठेचा आणि फोडणी द्या. अर्धं काम बाहेर झालं म्हणून भरीत परकं होत नाही.

सगळं एकदम बदलू नका. या महिन्यात फक्त दळण आणि बाजार. मिरची-मसाल्याचं फाल्गुनात बघा.

कार्तिक सुरू आहे, हिरवी वांगी यायला लागली आहेत. चंपाषष्ठीला अजून दिवस आहेत तोवर माळ्यावरची उखळी खाली काढा. एकट्याने काढवत नसेल तर मुलीला सोबत घ्या. दीड वर्ष पडून लाकूड कोरडं पडलं असेल, बुडाशी चीर गेली आहे का ते बघा. साबण लावू नका, गरम पाण्याने आणि नारळाच्या शेंडीने घासा, दोन दिवस सावलीत आणि एक दिवस उन्हात ठेवा, मग आतून शेंगदाण्याच्या तेलाचा हात फिरवून रात्रभर मुरू द्या. चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी वडिलांना घेऊन बाजारात जा, वांगी त्यांना निवडू द्या. भाजायचं तुम्ही, सोलायचं मुलीने, आणि मुसळ वडिलांच्या हातात द्या. ते नको म्हणाले तर दोन घाव तुम्ही घाला आणि मुसळ त्यांच्या जवळ ठेवून पात चिरायला आत जा.